निजामुद्दीन परिसरातील तीन कवी

प्रस्तावना

कागद, शाई, दप्तर, दरवाजा, बाजार, जमीन हे शब्द आपण दररोज वापरतो. ते मराठीत इतके मुरले आहेत की त्यांचे मूळ फारसी भाषेत आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. फारसी ही मूळची इराणची भाषा. मध्ययुगात ती भारतात आली आणि सुमारे सहा शतके येथील अनेक दरबारांची, कचेऱ्यांची आणि काव्याची भाषा होऊन राहिली. १८३७ साली कंपनी सरकारने कायदा करून कचेऱ्यांतील तिचे स्थान काढून घेतले.

या भाषेत रचना करणारे कितीतरी थोर कवी आपल्याच भूमीत जन्मले. दिल्लीतील निजामुद्दीन परिसरात अशा तीन कवींच्या कबरी एकमेकींपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आहेत. प्रस्तुत पाठात या स्थळांचा परिचय करून दिला आहे. कवीची आठवण कशामुळे टिकते, दगडी इमारतीमुळे की लोकांच्या ओठांवरील शब्दांमुळे, हा या पाठातील मुख्य विचार आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्हाला –
• अमीर खुसरो, रहीम व गालिब यांच्या जीवनकार्याची थोडक्यात माहिती सांगता येईल;
• त्यांच्या समाधिस्थळांची वैशिष्ट्ये व इतिहास स्पष्ट करता येईल;
• दिल्लीतील फारसी काव्यपरंपरा आणि महाराष्ट्र यांचा संबंध ओळखता येईल;
• मराठीत आलेले फारसी प्रत्यय ओळखून त्यांपासून शब्द तयार करता येतील.

मूळ पाठ

१. परिसराची ओळख

दिल्लीत मथुरा रस्ता आणि लोदी रस्ता जेथे एकत्र येतात, त्या चौकात सब्ज बुर्ज नावाची जुनी घुमटाकार वास्तू उभी आहे. तिच्या पूर्वेस हुमायूनचा विस्तीर्ण मकबरा आणि पश्चिमेस हजरत निजामुद्दीन ही दाट वस्ती. चिश्ती परंपरेतील सूफी संत निजामुद्दीन औलिया (१२३८–१३२५) यांच्या नावाने ती ओळखली जाते. जवळच्या रेल्वे स्थानकालाही त्यांचेच नाव आहे.

संतांच्या सान्निध्यात चिरविश्रांती मिळावी, अशी इच्छा शतकानुशतके अनेकांनी बाळगली. त्यामुळे या परिसरात राजपुत्र, सरदार, फकीर आणि कवी यांच्या कबरी दाटीवाटीने आढळतात. पंढरपुरी नामदेवांच्या पायरीशी आणि चोखोबांच्या समाधीशी थांबणाऱ्या मराठी माणसाला या इच्छेमागील भाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२. मिर्झा गालिब : साधी कबर, मोठे नाव

वस्तीच्या गल्लीत शिरल्यावर थोड्याच अंतरावर गालिब अकादमीची इमारत लागते. गालिब यांच्या निधनाला १०० वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, म्हणजे १९६९ साली, तत्कालीन राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिच्या शेजारीच जाळीदार भिंतींचे एक लहानसे आवार आहे. आत पांढऱ्या संगमरवराची छोटी छत्री आणि तिच्या छायेत मिर्झा असदुल्ला खाँ गालिब यांची कबर. उंच घुमट नाही, बाग नाही, पहारेकऱ्यांची वर्दळ नाही. गल्लीतील फेरीवाल्यांचे आवाज मात्र आतपर्यंत ऐकू येतात.

गालिब यांचा जन्म आग्रा येथे २७ डिसेंबर १७९७ रोजी झाला. त्यांचे बहुतेक आयुष्य दिल्लीत, भाड्याच्या घरांत गेले. मोगल सत्तेचा अस्त आणि १८५७ चा उठाव त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. उठावाच्या काळातील दिल्लीचे वर्णन त्यांनी ‘दस्तंबू’ या फारसी रोजनिशीवजा ग्रंथात केले. उर्दूपेक्षा त्यांनी फारसीत कितीतरी अधिक कविता लिहिली आणि आपली खरी योग्यता फारसी काव्यातच दिसते, असे त्यांना वाटत असे. काळाचा निवाडा मात्र निराळा ठरला. ज्या उर्दू गझलांना ते स्वतः दुय्यम मानत, त्यांनीच त्यांना घरोघरी पोहोचवले.

१५ फेब्रुवारी १८६९ रोजी गालिब यांचे निधन झाले. त्यांच्या सासरचे घराणे लोहारूच्या नबाबांचे होते. त्या घराण्याच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. पुढे अनेक दशके ही कबर उघड्यावर, दुर्लक्षित अवस्थेत होती. आज दिसणारी संगमरवरी छत्री १९५५ साली, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर ८६ वर्षांनी उभी राहिली. तोपर्यंत गालिब यांच्यासाठी कोणतीही इमारत उभी नव्हती. त्यांच्या गझला मात्र पाठ म्हटल्या जात होत्या, गायिल्या जात होत्या.

पाठगत प्रश्न १
योग्य पर्याय निवडा.
(१) ‘दस्तंबू’ हा ग्रंथ कोणत्या भाषेत आहे?
(अ) उर्दू (आ) फारसी (इ) तुर्की (ई) अरबी
(२) गालिब यांच्या कबरीवरील छत्री कोणत्या साली उभारली गेली?
(अ) १८६९ (आ) १९३३ (इ) १९५५ (ई) १९६९

३. अमीर खुसरो : गुरूच्या पायाशी

गालिब यांच्या मजारीपासून पुढे गल्ली अरुंद होत जाते. दोन्ही बाजूंस गुलाबाच्या पाकळ्या, चादरी, अत्तर आणि उदबत्त्यांची दुकाने. पादत्राणे उतरवून, डोके झाकून यात्रेकरू दर्ग्याच्या चौकात प्रवेश करतात. चौकात निजामुद्दीन औलिया यांचे समाधिस्थान आहे आणि त्याच्या दक्षिणेस, काही पावलांवर, त्यांचे लाडके शिष्य अमीर खुसरो यांची कबर आहे. आधी शिष्याला वंदन करावे आणि मग गुरूंकडे जावे, असा येथला प्रघात आहे.

खुसरो यांचा जन्म १२५३ साली आजच्या उत्तर प्रदेशातील पटियाली येथे झाला. वडील तुर्क सरदार. आई भारतात स्थायिक झालेल्या घराण्यातील. तरुणपणी ते मुलतान येथे सुलतान बल्बनच्या पुत्राच्या पदरी होते. १२८५ साली मंगोलांशी झालेल्या लढाईत तो राजपुत्र मारला गेला आणि खुसरो शत्रूच्या हाती सापडले. मोठ्या हालअपेष्टा सोसून त्यांनी सुटका करून घेतली. पुढे त्यांनी दिल्लीच्या अनेक सुलतानांचे दरबार पाहिले. तख्तावरची माणसे बदलत गेली, पण कवी आणि त्याचे गुरू तेच राहिले.

‘खजाइनुल फुतूह’ या ग्रंथात खुसरो यांनी अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वाऱ्यांचे वर्णन केले आहे. त्यात देवगिरीवरील मोहिमेचाही वृत्तान्त येतो. दरबारी कवी या नात्याने त्यांनी विजेत्यांची स्तुती केली. त्यामुळे त्या लेखनाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहताना सावध राहावे लागते. ‘नुह सिपिहर’ (१३१८) या काव्यात मात्र त्यांचे भारतावरील प्रेम मोकळेपणाने प्रकट झाले आहे. येथली हवा, फुले, पक्षी, येथील विद्वानांचे ज्ञान यांचे ते कौतुक करतात. शून्यासह अंक लिहिण्याची पद्धत, पंचतंत्रातील कथा आणि बुद्धिबळाचा खेळ या भारताने जगाला दिलेल्या देणग्या आहेत, असे ते अभिमानाने नोंदवतात. देशातील निरनिराळ्या प्रांतांच्या बोलींची यादीही त्यांनी दिली आहे.

१३२५ च्या एप्रिल महिन्यात निजामुद्दीन औलिया यांचे देहावसान झाले. त्या वेळी खुसरो सुलतानाबरोबर बंगालच्या स्वारीवर गेले होते, असे परंपरा सांगते. परत आल्यावर ते विरक्त झाले आणि सुमारे सहा महिन्यांतच त्यांनीही देह ठेवला. आज दिसणारी संगमरवरी वास्तू त्यानंतर जवळजवळ २८० वर्षांनी, १६०५ च्या सुमारास, जहांगीरच्या कारकिर्दीत इमादुद्दीन हसन याने बांधली. नाजूक जाळीच्या भिंतींनी वेढलेली ही इमारत आकाराने लहानच आहे.

परंतु तिच्याभोवतीचे जीवन फार मोठे आहे. दर गुरुवारी सायंकाळी चौकात कव्वाली रंगते. वसंत पंचमीला पिवळी फुले घेऊन लोक दर्ग्यात येतात. खुसरो यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली हिंदवी गीते व कोडी उत्तर भारतात आजही विवाहप्रसंगी आणि मुलांच्या खेळांत ऐकू येतात. यांतील पुष्कळशा रचना तोंडी परंपरेने आल्या आहेत. त्या सर्व त्यांच्याच आहेत, असे निश्चितपणे म्हणता येत नाही. तरीही लोकांनी त्या खुसरोंच्या नावावर जमा केल्या आहेत. कवीविषयीच्या आपुलकीचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता असणार?

पाठगत प्रश्न २
(१) रिकाम्या जागा भरा.
(अ) खुसरो यांचा जन्म ............ येथे झाला.
(आ) दर्ग्यात दर ............ सायंकाळी कव्वाली होते.
(२) एका वाक्यात उत्तर लिहा.
खुसरो यांच्या मते भारताने जगाला दिलेल्या तीन देणग्या कोणत्या?

४. रहीम : दगड गेले, दोहे राहिले

वस्तीतून पुन्हा मथुरा रस्त्यावर येऊन पलीकडे गेले की भव्य घुमटाची एक इमारत नजरेत भरते. हा अब्दुर्रहीम खान-इ-खानान यांचा मकबरा. हिंदी दोह्यांचे कर्ते रहीम ते हेच. कमानींच्या रांगा असलेला उंच चौथरा, त्यावर मुख्य दालन आणि मध्यभागी प्रचंड घुमट, अशी याची रचना आहे. रहीम यांनी ही इमारत आपली पत्नी माहबानू हिच्यासाठी १५९८ साली बांधविली. पत्नीच्या स्मृतीसाठी भव्य मकबरा उभारण्याचा हा प्रयत्न ताजमहालाच्या कितीतरी आधीचा आहे. १६२७ साली निधन झाल्यावर रहीम यांनाही येथेच दफन करण्यात आले.

रहीम हे अकबराचा पालक बैरामखान याचे पुत्र. जन्म लाहोर येथे, १५५६ साली. ते सेनापती होते, मुत्सद्दी होते आणि विद्वानांचे उदार आश्रयदातेही होते. बाबराचे तुर्की भाषेतील आत्मचरित्र त्यांनी फारसीत आणले. स्वतः फारसीत कविता केली. संस्कृतचाही त्यांचा अभ्यास होता. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ दक्षिणेत गेला. अहमदनगरच्या निजामशाहीविरुद्धच्या मोगल मोहिमांत त्यांनी सैन्याचे नेतृत्व केले. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बऱ्हाणपूर शहराला पाणी पुरविण्यासाठी त्यांच्या सुभेदारीच्या काळात भूमिगत जलयोजना उभारली गेली. ‘कुंडी भंडारा’ या नावाने ती आजही पाहायला मिळते.

एवढ्या मोठ्या माणसाच्या मकबऱ्याची पुढे दुर्दशा झाली. अठराव्या शतकात, १७५४ च्या सुमारास, अवधचा नबाब सफदरजंग याच्यासाठी दिल्लीत मकबरा बांधला जात होता. त्यासाठी रहीम यांच्या मकबऱ्यावरील संगमरवर व तांबडा दगड काढून नेण्यात आला. लोदी रस्त्याच्या पश्चिम टोकाला सफदरजंगचा मकबरा उभा राहिला आणि पूर्वेकडे रहीम यांच्या घुमटाचे दगडमातीचे अस्तर उघडे पडले. ही वास्तू कोसळण्याच्या बेतात आली होती.

२०१४ साली तिच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने आगाखान सांस्कृतिक न्यासाने ते केले. पाथरवट, गवंडी आणि चुनेकाम करणारे कुशल कारागीर सहा वर्षे राबले. तडे बुजविण्यात आले, निखळलेले दगड बसविण्यात आले, भिंतींवरील नक्षी पुन्हा उजळली. डिसेंबर २०२० मध्ये मकबरा लोकांसाठी खुला झाला. घुमटाचा काही भाग संगमरवराने पुन्हा मढविण्यात आला. बाकीचा घुमट पाहिला की येथून काय नाहीसे झाले, याची कल्पना येते.

विशेष असे की, ज्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांत या इमारतीची पडझड होत होती, त्याच काळात रहीम यांचे दोहे खेड्यापाड्यांतून म्हटले जात होते. नम्रता, मैत्री, संकटातील धीर यांविषयीचे ते दोहे शाळेत न गेलेल्या माणसांनाही पाठ होते. मकबऱ्याचा दगड उपटून नेता आला. दोहा उपटून नेणे कोणाला शक्य झाले नाही.

५. दिल्ली ते खुलताबाद

या काव्यपरंपरेचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. अमीर हसन सिज्जी हे खुसरो यांचे जिवलग मित्र. तेही फारसीचे नामवंत कवी आणि निजामुद्दीन औलिया यांचेच शिष्य. मुलतानच्या दरबारात दोघे मित्र एकत्र होते. गुरूंची संभाषणे हसन यांनी ‘फवाइदुल फुआद’ या ग्रंथात टिपून ठेवली. संतांच्या सहज बोलण्यातील ज्ञान त्यामुळे पुढील पिढ्यांना मिळाले.

१३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीतील अनेकांना देवगिरीस, म्हणजेच दौलताबादेस नेले. हसन सिज्जी हेही दक्षिणेत आले आणि येथेच त्यांचा अंत झाला. वेरूळच्या लेण्यांपासून जवळ असलेल्या खुलताबाद येथे त्यांची कबर आहे. एक मित्र यमुनेकाठी आणि दुसरा सह्याद्रीच्या रांगांजवळ, अशी ही दोन कवींची चिरविश्रांती आहे. दिल्लीतील कबरीवर रोज फुले पडतात. खुलताबादच्या कबरीची वाट मात्र वेरूळ पाहून परतणाऱ्या मोजक्याच लोकांना ठाऊक असते.

६. आठवण कोण राखतो?

दिल्लीतच मिर्झा बेदिल (मृत्यू १७२०) हे आणखी एक फारसी कवी होऊन गेले. अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तान येथे त्यांना फार मोठा मान आहे. ज्या शहरात ते राहिले आणि वारले, तेथे मात्र त्यांच्या कबरीची मूळ जागाही पुढे विस्मृतीत गेली. ज्या भाषेत ते लिहीत, ती समजणारी माणसे त्या शहरात उरली नाहीत, हे त्याचे एक कारण म्हणावे लागेल.

उलट, जेथे कोणी भाषेचा अभ्यास चालू ठेवतो, तेथे जुने काव्य नव्याने फुलते. महाराष्ट्रात हे काम माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन (१८९४–१९३९) यांनी केले. ते फारसीचे प्राध्यापक होते. १९२५ साली त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ प्रसिद्ध झाला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मराठीत आणल्या आणि ‘गज्जलांजली’ (१९३३) या संग्रहाने मराठी गझलेचा पाया घातला. पुढे सुरेश भट यांनी ती गझल सामान्य रसिकांच्या ओठांवर नेली.

निजामुद्दीनच्या तीन कबरी तीन निराळ्या गोष्टी सांगतात. खुसरो यांची कबर भक्तांच्या अखंड येण्याजाण्याने जिवंत राहिली. रहीम यांचा मकबरा लुटला गेला आणि कारागिरांच्या हातांनी वाचला. गालिब यांची कबर वाचकांच्या प्रेमाने उशिरा का होईना, छायेत आली. तिघांचेही फारसी लेखन आज थोडे अभ्यासक वाचतात. लोकभाषेतील त्यांचा शब्द मात्र सर्वांचा झाला आहे. इमारत असो वा कविता, तिला कोणीतरी सांभाळावे लागते. तो सांभाळ राजांच्या आज्ञेने होतोच असे नाही. एखादा पाथरवट, एखादा गायक, एखादा कोशकार आणि दोहा पाठ करणारे एखादे मूल हेही त्या वारशाचे राखणदार असतात.

पाठगत प्रश्न ३
चूक की बरोबर ते लिहा.
(अ) रहीम यांनी मकबरा मूळात पत्नीसाठी बांधविला.
(आ) हसन सिज्जी यांची कबर बऱ्हाणपूर येथे आहे.
(इ) ‘फारसी-मराठी कोश’ माधव जूलियन यांनी तयार केला.

भाषाभ्यास

फारसीतून मराठीत केवळ शब्दच आले नाहीत, तर काही उपसर्ग व प्रत्ययही आले. ते मराठी व संस्कृत शब्दांना जोडून नवे शब्द तयार झाले. अशा मिश्र शब्दांना संकरित शब्द म्हणतात.

• -दार : चव + दार = चवदार; पाणी + दार = पाणीदार
• -खाना : छाप + खाना = छापखाना
• बे- : बे + भान = बेभान

वरील शब्दांत ‘चव’, ‘पाणी’, ‘छाप’, ‘भान’ हे शब्द फारसी नाहीत. त्यांना फारसी उपसर्ग किंवा प्रत्यय जोडताच नवा अर्थ तयार झाला आहे.

शब्दार्थ

मजार – समाधिस्थान, कबर
मकबरा – कबरीवर बांधलेली इमारत
प्रघात – रूढी, चालत आलेली पद्धत
विरक्त – संसारातून मन काढून घेतलेला
मुत्सद्दी – राजकारणात कुशल
पाथरवट – दगड घडविणारा कारागीर
सान्निध्य – जवळीक
हिंदवी – मध्ययुगात दिल्लीच्या आसपास बोलली जाणारी लोकभाषा

तुम्ही काय शिकलात?

• निजामुद्दीन परिसरात खुसरो, रहीम व गालिब या तीन कवींच्या कबरी आहेत. तिघांनीही फारसीत लेखन केले. लोकांच्या स्मरणात ते लोकभाषेतील रचनांमुळे राहिले.
• रहीम यांच्या मकबऱ्याचे दगड अठराव्या शतकात काढून नेले गेले. २०१४ ते २०२० या काळात त्याचे जतन झाले.
• खुसरो यांचे मित्र हसन सिज्जी यांची कबर महाराष्ट्रात खुलताबाद येथे आहे.
• वास्तू आणि साहित्य हे दोन्ही वारसे माणसांनी सांभाळले तरच टिकतात.

पाठान्त प्रश्न

१. गालिब यांच्या कबरीचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.
२. ‘मकबऱ्याचा दगड उपटून नेता आला, दोहा उपटून नेणे कोणाला शक्य झाले नाही’ या विधानाचा आशय पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. दरबारी कवीचे लेखन इतिहासाचे साधन म्हणून वापरताना सावध का राहावे लागते? तुमचे मत लिहा.
४. -दार, -खाना व बे- यांपासून तयार झालेले प्रत्येकी दोन शब्द लिहा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या संताच्या, कवीच्या वा शाहिराच्या स्मृतिस्थळाला भेट द्या. ते कोणी बांधले, त्याची देखभाल आज कोण करते आणि त्या व्यक्तीच्या कोणत्या ओळी लोकांना पाठ आहेत, याची माहिती मिळवून १५ ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (१) फारसी (२) १९५५
२. (१) (अ) पटियाली (आ) गुरुवारी (२) शून्यासह अंक लिहिण्याची पद्धत, पंचतंत्रातील कथा व बुद्धिबळाचा खेळ या तीन देणग्या होत.
३. (अ) बरोबर (आ) चूक (इ) बरोबर